पडद्यावरची वसुबारस

महामारीच्या दुसऱ्या वर्षी मी नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला मुलाकडे अडकले होते. प्रातःस्मरण, पूजा आणि मग खिडकीतून सायकली पाहणे, असा माझा दिनक्रम होता.

शेजारी रोमानियातल्या एका दुर्गम डोंगरी गावची बाई राहत असे. टोमॅटोच्या काचघरात तिची नोकरी. मला ती ‘आजी’ म्हणे. हा शब्द तिने माझ्या नातीकडून उचलला होता, आणि आमची दुभाषीही तीच नात.

तिच्या गावाची कथा मी कुंपणावरून तुकड्यातुकड्यांनी ऐकली. देश युरोपीय संघात गेला आणि गावाला पक्का रस्ता लाभला. त्या रस्त्याने परदेशी दुधाची पाकिटे वर आली आणि तरुण मंडळी खाली उतरली. नव्या नियमांनुसार दूध थंड ठेवण्याचे यंत्र आणि त्यावर सरकारी शिक्का नसेल, तर डेअरी दूध घेईना. घरांवर नवी कौले चढली, गोठे मात्र रिते झाले. तिच्या आईने एक गाय राखली होती. तीही आता शनिवारी विकली जाणार होती. लेकीच्या जिवाला ते लागले होते, पण स्वतः इतक्या दूर राहून आईला नको म्हणायला तिला तोंड नव्हते.

त्याच आठवड्यात गावाकडच्या गाडीतून आईने फडक्यात बांधून केलेले पनीर आले. तिने हौसेने मला बशीभर आणून दिले. नेमकी वसुबारस होती. त्या दिवशी आमच्याकडे दूधदुभते वर्ज्य; ते वासराचे. मी हात जोडून बशी परत केली. तिचा चेहरा उतरला.

“आजींनाही सरकारी शिक्का हवा का?” तिने नातीला विचारले.

खुलासा करताना माझी तारांबळ उडाली. अमरकोश मुखोद्गत असून डच भाषेपुढे त्याचा काही उपयोग नव्हता. अखेर नातीने अर्थ पोचवला. बाई हसली, आणि तिने आईला फोन लावून संध्याकाळी व्हिडिओवर गाय दाखवायला सांगितले.

गोरज मुहूर्तावर फोनच्या पडद्यावर तपकिरी गाय आली, मागून वासरू. मी निरांजन ओवाळले आणि फोनच्या काचेलाच कुंकू लावले. नात पुसायला धावली. तिला मी थोपवले. पलीकडची वृद्धा चकित होऊन काही विचारत होती. लेकीने सांगितले की, आज हिचे दूध कोणी घेत नाही, आज ही देवता आहे.

 वृद्धेने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती दोन वाक्ये बोलली.

“गाय घेणाऱ्याला शनिवारी येऊ नका असं कळवते म्हणाली,” डोळे पुसत लेक म्हणाली. “वासरू मोठं होईपर्यंत तरी.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच कुंपणापाशी जाऊन ती बशी मागून घेतली. पनीर जरा खारट होते. गरम पोळीशी छान लागले.