गुणपूर्ती

त्या खटल्याची आठवण झाली की आजही माझी कानशिलं तापतात. चोरी, खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण या खटल्यात पुरावा म्हणून माझीच वही कोर्टात ठेवावी लागली.

माझे वडील दिग्रसच्या जिनात कापसाचे बोरे वाहायचे. रुईच्या धुळीनं खोकून खोकून गेले. आई लोकांची जोंधळ्याची दळणं दळायची. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पाटीवर नावापुढं 'बी. ए.' लिहून घेतलं होतं आणि त्याचा मला गर्व होता, लपवत नाही.

साठनंतरची गोष्ट. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा विदर्भाला नव्यानं लागू झाला होता. मी दारव्ह्याला फौजदार. वरिष्ठांनी मला नागपूरला आठ दिवसांच्या वर्गाला धाडलं. वकील, देवस्थानांचे पंच, संस्थांचे सचिव असे सगळे एका खोलीत. माझ्या शेजारी बसले दारव्ह्याच्याच मुलींच्या वसतिगृहाचे सचिव. शाळामास्तर, गोड बोलणारे. शिकवणारे वृद्ध वकील नव्या राजभाषेतले शब्द भराभर सांगत. 'कोरम'ला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, त्यांनी 'गणपूर्ती' म्हटलं. मी ऐकलं 'गुणपूर्ती' आणि तसंच लिहिलं. सभासदांचे गुण पुरते असावेत, असा अर्थही मनाशी लावला. शेवटच्या दिवशी मास्तरांनी वही मागितली. म्हणाले, "बी. ए. माणसाच्या टिपणांवर डोळे झाकून भरवसा." मी खुशीत दिली. महिन्याभरानं वही परत आली.

पुढं दिवाळीनंतर एक म्हातारी ठाण्यात आली. वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि विश्वस्तही होती. गावोगावच्या दीक्षा घेतलेल्या घरांतल्या पोरी तिथं राहून शिकत. तिची नात त्यांच्यातच, मॅट्रिकला.

"सायेब, पोरीयच्या पेट्या रस्त्यावर फेकल्या. घर मास्तरच्या साळ्याले देलं म्हन्ते, कायमचं."

"ठरावावर सही कोणाची?"

"माहीच हाय. पन म्या असं म्हटलंच नाही."

"मग सही काहून केली?"

मी कायद्याचा वर्ग शिकून आलेला माणूस. सही म्हणजे संमती, असं ठणकावून तिला परत पाठवलं. जमादार हळूच म्हणाला, "साहेब, म्हातारी खोटी नाही वाटून राह्यली." मी त्यालाही गप्प केलं.

दोन महिन्यांनी त्या ठरावाबद्दल खबर मिळाली. आमची जीप दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा त्याच संस्थेचे विश्वस्त. पाना फिरवता फिरवता म्हणाले, "साहब, वो पन्ना तो कोरा था. हम पहले दस्तखत करते, चाय पीते. मास्तर बाद में लिखता. हमेशा का रिवाज है."

त्याच दिवशी पंचनामा करून सभेची वही जप्त केली. ठरावावरची तारीख कायदा लागू होण्याआधीची. म्हणजे धर्मादाय आयुक्तांची परवानगी नको. ही फटही वर्गातच सांगितली होती. सह्या खऱ्या, शाई सारखी. आणि पहिलीच ओळ : 'गुणपूर्ती झाल्याने सभेस सुरुवात.'

मी पानं मागं उलटली. सगळीकडे 'कोरम'. पुढं उलटली, वर्गाआधीच्याच पुढल्या सभा, तिथंही 'कोरम'. मधलंच एक सह्यांचं कोरं पान मास्तरांनी राखून ठेवलं होतं.

मास्तरांना बोलावलं, समोर दोन्ही वह्या ठेवल्या. "वर्गाला जायच्या आधीच्या ठरावात हा शब्द कुठून आला, गुरुजी?"

त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग हसले. "साहेब, आपण एका बाकावरचे. ज्याला जे लागलं, ते त्यानं उचललं."

पोलिसासमोरचं असं बोलणं कोर्टात चालत नाही. माझी वहीच दाखल करावी लागली. आरोपीचे वकील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फौजदारसाहेब बी. ए. आहेत ना? मग या शब्दाचा अर्थ सांगा."

"अर्थ नाही," मी म्हणालो. "असा शब्दच नाही. ती माझी चूक आहे. म्हणूनच ती आरोपीला दुसरीकडून मिळणं शक्य नाही."

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला.

शिकलेल्या माणसावर माझा तेव्हा फार भरवसा होता. मास्तर शिकलेले म्हणून त्यांना वही दिली, म्हातारी जेमतेम सहीपुरती शिकलेली म्हणून तिला हाकललं. कोऱ्या कागदावर सही करणं ही तिची चूक खरी. पण वर्षानुवर्षं तिला तसं करायला शिकवणारा मास्तर होता, आणि कसं करायचं ते सांगणारा कोणताच वर्ग तिच्यासाठी नव्हता.

निकालानंतर ती ठाण्यात आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तवाच ऐकलं असतं त नात मॅट्रिकले बसली असती, सायेब. पेटी घेऊन घरी आली, त बापानं उमरखेडले देऊन टाकली."

मास्तरांना शिक्षा झाली. ठराव रद्द झाला. घर वसतिगृहाला परत मिळालं आणि जूनमध्ये तिथं बावीस पोरी राहायला आल्या. म्हातारीची नात त्यांत नव्हती.