नापास पायलट

आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगवरून विमान गेलं की टीव्हीतलं चित्र थरथरायचं आणि आमचा शेजारी गच्चीकडे धावायचा. विमा कचेरीत कारकून, पण वडिलांनी अडवलं नसतं तर पायलटच झाला असता, असं त्याचंच म्हणणं. त्यामुळे उतरणाऱ्या प्रत्येक पायलटची परीक्षा हाच घ्यायचा. “किती तिरकं आणलंस रे! वाट लावलीस!” आजवर एकही पास झाला नव्हता.

मग एकदा साहेब आजारी पडले आणि ऑफिसने त्यांच्या जागी याला विमानाने दिल्लीला पाठवलं. परतल्यावर आम्ही निकाल ऐकायला जमलो. “काय रे, तुझ्या पायलटने कसं उतरवलं?”

“काय माहीत. मी डोळे मिटले होते.”

तेव्हापासून विमान कसंही येवो, हा गच्चीवरून हात जोडायचा. “पास रे बाबा, पास!”