दृश्य पहिलं, अंगण, दिवेलागण

आमच्या घरात दिवेलागणीला रडायला बंदी आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त पटकथा लिहिताना आठवलं नाही.

पटकथेचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका शिबिरात. (त्याआधी बाजाची पेटी, मोडी लिपी आणि गच्चीवरची भाजी ही खुळं शिरून अर्ध्यावरच निघून गेली होती.) शिबिरातले सर म्हणाले, "दृश्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहा. आत की बाहेर, जागा कुठली आणि वेळ. वेळ म्हणजे दिवस किंवा रात्र. बास! तिथं कविता करू नका. ते प्रेक्षकांसाठी नसतं, कॅमेरावाल्यासाठी असतं."

मला फार वाईट वाटलं. ज्या भाषेत पहाट, झुंजूमुंजू, टळटळीत दुपार, कातरवेळ असा खजिना आहे, तिथं दोनच शब्द? मी घरी येऊन ठसक्यात लिहिलं, 'दृश्य पहिलं. बाहेर. अंगण. दिवेलागण.' आणि तो शब्द मला इतका आवडला की अख्खा लघुपट त्या एकाच दृश्यात बसवला!

गोष्ट साधी. शहरात नोकरी लागलेली मुलगी पिशवी घेऊन निघते. अंगण झाडणारी आई "नाही म्हणजे नाही!" असं ओरडते, भांडते आणि हंबरडा फोडते. मुलगी माझी बायको मंगल, आई माझी खरी आई, अंगण कन्नड गावातल्या आमच्या घराचं आणि कॅमेरा संभाजीनगरात गुलमंडीजवळ लग्नाचे फोटो काढणाऱ्या सलीमभाईंचा. तिथल्याच एका स्पर्धेला लघुपट द्यायचा होता आणि हाताशी होती तीन दिवसांची जोडून आलेली सुट्टी. गावी निघताना मंगल म्हणाली, "हे तरी पुरं करा हो. नाहीतर लेकीला काय सांगू? तुझ्या बापानं आजवर फक्त ताटातलं जेवण पुरं केलं?" ते मला फार लागलं. या खेपेला काही झालं तरी मागं हटायचं नाही, असं मी ठरवलं.

पहिल्या दिवशी सलीमभाई भर दुपारी तयार. "चलो भाई, शुरू करेंगे?"

"थांबा, दिवेलागण होऊ द्या."

ते बाजेवर आडवे झाले. शेवटी एकदाचा उजेड हवा तसा पिवळा झाला, मी "ॲक्शन!" ओरडलो आणि आई उठून गोठ्यात गेली. म्हैस घरी आली होती! धार काढून, दिवा लावून, शुभंकरोति म्हणून आई बाहेर आली तेव्हा अंगणात मंगलला चाचपडत शोधावं लागत होतं.

"क्या मियाँ," सलीमभाई म्हणाले, "दिवस लिखते तो मैं दोपहर कोच निपटा देता था. तुम्हारा टाइम तो चाय ठंडी होने के पहले खतम होरा!"

दुसऱ्या दिवशी म्हैस शेजाऱ्यांच्या गोठ्यात बांधली. आई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"हां आई, झाडू घे."

"तिन्हीसांजंला झाडू? लक्ष्मी यायची येळ हाय!"

"बरं, राहू दे. 'नाही म्हणजे नाही' म्हण."

"या येळंला तसलं बोलू नये बाबा. वास्तू तथास्तु म्हणती."

"मग नुसतं भांड!"

"दिवेलागणीला? सुनंसंगं?" (सकाळपासून चहातल्या साखरेवरून दोघींचं दोनदा वाजलं होतं, तेही दिग्दर्शकाशिवाय!)

"निदान रड तरी!" मी हात जोडले.

"रडंल माझा वैरी! तूच लिहिलं ना दिवेलागण? दुपार लिही, पायजे तेवढं रडते."

मी मुकाट्यानं खोडून 'दुपार' लिहिलं. तिसऱ्या दिवशी उन्हात आई पदर खोचून उभी राहिली आणि तिनं असा हंबरडा फोडला की सलीमभाईंच्या हातातलं कॅमेऱ्याचं झाकण खाली पडलं. मंगलही पेटली. माझे संवाद राहिले बाजूला, चहातल्या साखरेपासून लग्नातल्या मानपानापर्यंत सगळं बाहेर निघालं! अख्खी गल्ली धावून आली. बायकांनी दोघींना ओढून वेगळं केलं. एक म्हातारबाबा माझ्यावरच उखडले, "घरात भांडणं लागली आन् तू फोटू काढतो व्हय रं?" कॅमेऱ्यात आल्या त्या फक्त गल्लीतल्या बायकांच्या पाठी.

संध्याकाळी मी पायरीवर बसलो. आणखी एक खूळ अर्धवट. लेकीला काय तोंड दाखवणार? मी जोरात नाक ओढलं.

"तू बी रडू नको," आई म्हणाली. "टायम बघ कोणता झालाय." मग ती सलीमभाईंकडं वळली. "चालू करा तुमचं. मला येतं तसं करते."

आईनं तुळशीपाशी दिवा लावला. मंगल पिशवी घेऊन उंबऱ्यात आली.

"आई, मी जाते."

"जाते नाय, येते म्हणावं." आई हसत होती. तिनं मंगलच्या हातातून पिशवी काढून घेतली. "आन् दिवेलागणीला घरची लक्ष्मी बाहेर पडती व्हय? उजाडल्यावर जा. आज भाकरी खा, माझ्यापाशी नीज. सकाळी मीच येते ष्टँडवर सोडाया."

ती हसतच होती. पिशवी तेवढी तिनं छातीशी घट्ट धरली होती. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अं हं. तिन्हीसांज हाय बाई."

मंगलनं ओठ दाबून मान हलवली. उजेड गेला, नुसता दिवा उरला. मी 'कट' म्हणायचं विसरलो. सलीमभाई बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "अम्मा, मैं रो सकता क्या? मेरे घर में पाबंदी नहीं है!"

आणि आमचा लघुपट पहिला आला! परीक्षक होते शिबिरातले तेच सर. "आईला रडताच येऊ नये, म्हणून लेखकानं दिवेलागण निवडली," ते भर सभेत म्हणाले. "वेळ लिहावी तर अशी!" टाळ्यांचा कडकडाट झाला, उत्कृष्ट पटकथेचं मानचिन्ह माझ्या हातात पडलं आणि पहिल्या रांगेत आई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "माझा ल्योक हाय. पुरा केला त्यानं!" तेव्हा मात्र दिवेलागण असूनही मी रडलो.

घरी आल्यावर मंगलनं माझे मूळ कागद काढले. "पटकथेचं बक्षीस ना? मग यातलं सिनेमात काय आलं हो?"

मी पुन्हा वाचलं. झाडू नाही, भांडण नाही, हंबरडा नाही. माझं एक वाक्यसुद्धा नाही!

"हे काय," मी ऐटीत पहिल्या ओळीतल्या खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. "दिवेलागण! हे माझंच."

"हो का?" मंगल म्हणाली. "पण ते पडद्यावर दिसत नाही ना!"