जप्तीकाकू आणि उंच पाहुणा

शाळेच्या मैदानाला चिकटून जिचं घर, त्या बाईला पोरांनी नाव ठेवलं होतं जप्तीकाकू. धंदा गाद्या शिवायचा. पुढच्या खोलीत कापसाचे ढीग, हातात दाभण, आणि तोंड दाभणापेक्षा जरा जास्तच टोकदार. मैदानातला चेंडू भिंतीवरून उडाला की उघड्या खिडकीतून थेट कापसात, आवाजसुद्धा न करता. काकू तो उचलून मागच्या खोलीत फेकायची. मागायला आलेल्याचा ती असा उद्धार करायची की पोरगं चेंडू विसरून वाट फुटेल तिकडे पळायचं. नवऱ्याने हयातभर तिच्यासमोर मोठ्याने जांभईसुद्धा दिली नाही. या दराऱ्यावर तिचा फार जीव.

यंदा शाळेत परदेशातून मुलं शिकायला आली. वसतिगृहाच्या गाद्या काकूच शिवायची, म्हणून हेडसर स्वतः घरी आले.

"काकू, ही मुलं पाहुणी आहेत. त्यांच्याशी गोड बोलायचं. चेंडू मागितला तर हसून द्यायचा."

"आणि नाही दिला तर?"

"तर गाद्या दुसरीकडून घेऊ."

काकूने दाभण कापसात असं खुपसलं की हेडसर चपला हातात घेऊनच पायरी उतरले.

हे सगळं खिडकीखाली दबा धरून बसलेल्या बोक्याने ऐकलं. बोका म्हणजे फुटबॉलच्या संघाचा कप्तान. तोवर पाहुण्यांना सावलीत खुर्च्या टाकून बसवायचे आणि टाळ्या वाजवायला लावायचे, खेळायला कोणी घेत नव्हतं. त्या दिवसापासून त्यातल्या एका उंच पोराला एकदम भाव आला. भिंतीपलीकडे चेंडू गेला की त्याला पाठवायचं. चेंडूही हल्ली जरा जास्तच जायला लागला.

"काकू, चेंडू द्या, प्लीज," उंच पाहुणा दारात उभा राहून म्हणायचा. काकू ओठ ताणून हसायची आणि द्यायची. बोक्याने शिकवल्यावर तो जुनेही मागायला लागला. मागची खोली रिकामी होत चालली. एके दिवशी पहिलीतलं एक शेंबडं पोर तिच्या तोंडाकडे बघून चक्क हसलं. त्या दिवशी काकूला घास गोड लागला नाही.

इकडे मधल्या सुट्टीत पाहुण्याला गोलात उभं करून बघितलं, तर तो नुसते हात पसरून उभा राहिला तरी गोल होईना. वरच्या वर्गाशी सामना लागला तेव्हा गोली तोच. सामन्यात चेंडू उडाला, पाहुणा सवयीने काकूच्या दारात गेला. काकू उठून उभी राहिली.

"या, या. असे दारात नका उभे राहू. बसा."

"काकू, चेंडू..."

"देते ना. आधी सरबत घ्या."

सरबत झालं, बिस्किटं झाली. मग काकूने कपाटातून घरच्यांचे जुने फोटो काढले आणि दिराच्या सासरपासून ओळख करून द्यायला घेतली. पोरगं उठायला लागलं की ती प्रेमाने खांद्यावर हात ठेवून त्याला परत कापसात दाबायची. पलीकडे सोडवून आणलेले चेंडू ढीगभर होते, त्यामुळे सामना चालूच राहिला, गोलात मात्र कोणी नव्हतं. वरच्या वर्गाने गोलांचा धडाका लावला.

बोका भिंतीवर चढला. "ए, ये की लवकर."

"पाहुण्यांना अर्ध्यावर उठवतात का रे?" काकूचा आवाज मधाळ. "हेडसरांना विचार जा."

बाकीची पोरंही भिंतीवर चढून बघायला लागली. शेवटी बोका खाली उतरून, शेपूट घालून दारात आला.

"काकू, चेंडू ठेवा तुम्हाला. आमचा गोली द्या."

"तुमचा कसा? ते पाहुणे आहेत ना?"

"पाहुणा कसला, काकू. आमचाच आहे तो."

"मोठ्याने बोल. भिंतीवरच्यांना ऐकू दे."

"आमचा आहे," बोका ओरडला.

काकूने फोटो बाजूला ठेवले, बाह्या सरसावल्या आणि इतके दिवस साचलेलं सगळं मोकळं केलं. बोक्याच्या चिखलाच्या बुटांपासून सुरुवात झाली ती त्याच्या आज्यापर्यंत गेली. भिंतीवरची पोरं पटापट पलीकडे पडली. मग ती वळली.

"आणि तू रे ताडमाडा? पाहुणा नाहीस म्हणे. मग माझ्या कापसात म्हशीसारखा पसरलायस कशाला? ऊठ."

दोघे भिंतीवरून उड्या टाकून पळाले. पाहुण्याच्या केसांत कापूस अडकला होता.

"काकूला राग आला माझा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तुला म्हैस म्हणाली," बोका तोंड वाकडं करून म्हणाला. "मला पहिल्या वर्षी नुसतं उंदीर म्हणाली होती."