अजून टेकला न्हाय

घरातला डबा रिकामा झाला की बाकीच्या माणसांना काळजी लागते. अण्णांना उत्साह चढायचा. तुरीच्या डाळीचा डबा उपडा करून मी शेवटची मूठ काढत असले की ते स्वयंपाकघराच्या दारात हजर. डब्याच्या बुडावर बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "संपू दे की. आता घ्यायला लई मजा येनार."

मजा नेमकी कोणाला येणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. संध्याकाळी वरण मला लावायचं असायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. होटगीला रेल्वेत पॉइंट्समन होते. सासूबाई गेल्या, त्याच वर्षी नोकरीही संपली, आणि अण्णा सोलापुरात आमच्याकडे राहायला आले ते शेवटपर्यंत. अकरा वर्षं. येताना एक पत्र्याची ट्रंक आणि एक कापडी पिशवी एवढंच सामान होतं, पण आल्या आल्या त्यांनी आमच्या घरातल्या किराण्याचं खातं एखाद्या मंत्र्यासारखं आपल्याकडे घेतलं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क, आमचे हे कारखान्यात शिफ्टला. बाजाराचं एक काम कमी झालं म्हणून पहिल्या महिन्यात मला बरंच वाटलं होतं. किती भोळी होते मी!

भाव चढतो आणि उतरतो, एवढं मलाही कळत होतं. अण्णांकडे तिसरा शब्द होता. टेकला. उतरलेला भाव म्हणजे टेकलेला भाव नव्हे, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की झोपेतसुद्धा मी ते म्हणून दाखवलं असतं. "उतरतुया म्हंजे अजून चाललाय न्हवं? गाडी ठेसनात शिरली म्हनून कुनी उडी मारतं व्हय? थांबू दे की तिला. थांबली की मग उतरायचं." भाव असा पुरता थांबला, त्याच्याखाली आता जमीनच आहे, असं झालं की तो टेकला. मग वर्षाची डाळ भरायची. त्याआधी भरेल तो अडाणी, असं ते तोंडानं म्हणत नसत. नुसते बघायचे.

आणि भाव टेकेपर्यंत काय? रोज सकाळी नऊला पिशवी काखेत घडी करून अण्णा मंगळवार पेठेत जायचे. तिथं मल्लप्पा शेठ म्हणून दुधनीकडचे एक धान्याचे दुकानदार होते. त्यांच्या दुकानात पोत्यात हात घालायचे, डाळ तळहातावर चोळायची, एक दाणा दातांखाली धरायचा, भाव विचारायचा आणि पिशवीची घडी न मोडता परत यायचे. दारातच घोषणा व्हायची, "अजून टेकला न्हाय." तोवर आमच्याकडे पिठलं, मग मूग, मग पुन्हा पिठलं. शेजारच्या पद्माक्कांकडून मी वाटीनं तुरीची डाळ आणायची. त्यांच्याकडे सगळं तेलुगू वळणाचं, रोज पप्पू, म्हणजे त्यांचं वरण, लागायचा, त्यामुळे डाळीला तोटा नसे. वाटी भरताना त्या हसून विचारायच्या, "काय हो, तुमच्या अण्णांचा भाव टेकला नाही का अजून?" मी म्हणायची, "मी हात टेकले, अक्का. भाव काही टेकत नाही."

एका वर्षी तर मिरचीनं असाच छळ मांडला. मार्चमध्ये सगळ्या गल्लीत काळ्या तिखटाच्या ठसक्यानं पोरं शिंकत होती आणि आमच्याकडे मिरचीचं एक देठसुद्धा आलं नव्हतं. चौदा एप्रिलला जयंतीसाठी होटगीहून माझ्या नणंदा, त्यांची मुलं, बारा माणसं जेवायला. अण्णा म्हणाले, "आट दिस कळ काड, मिरची टेकतीया." पाहुणे काही मिरचीसाठी थांबणार नव्हते. त्या दिवशीचं मटण मी पद्माक्कांच्या तिखटात केलं आणि थोरल्या नणंदेनं हात चाटत विचारलं, "वैनी, औंदा मसाला येगळा केलास व्हय?" अण्णा खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "रस्सा वाड की अजून."

आमच्या ह्यांच्याकडे तक्रार करायची सोय नव्हती. सगळ्यावर एकच उत्तर, "अण्णांना कळतं त्यातलं." आणि ते खरंच वाटायचं. कारण अण्णा शेवटी एक दिवस पोतं घेऊन रिक्षानं यायचे, उरलेले पैसे ह्यांच्या हातात ठेवायचे आणि जो भाव सांगायचे तो ऐकून गल्ली चाट पडायची. बाकीच्यांपेक्षा किलोमागं चार-पाच रुपये कमी. बायका विचारायला यायच्या, अण्णा, गहू भरू का, अण्णा, शेंगदाणे कसे आहेत. अण्णा ट्रंकेवर बसून सल्ला द्यायचे. एकदा मी स्वतः मल्लप्पा शेठना विचारलं होतं, अण्णांना तुम्ही असं कितीला देता हो? शेठ आजचा भाव सांगायचे, पण या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं. "ते अण्णांनाच विचारा की, वैनी."

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती माझ्या पोटात आठ वर्षं आहे.

अण्णांना येऊन चार वर्षं झाली होती. फेब्रुवारीतला शनिवार, शाळा सकाळची. घरी येताना मी सहज मंगळवार पेठेत वळले. शेठच्या दुकानात नव्या तुरीची पोती उंबऱ्यापर्यंत आली होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी मान वर न करणारे शेठ मला बघून उठले आणि स्वतः स्टूल पुसून दिलं. मला काय झालं कोण जाणे, आतून वाटलं, हाच तो. आज घ्यायची. कोणाला न विचारता मी पंचवीस किलो डाळ घेतली, ब्याण्णव रुपयांनी. रिक्षात पोत्यावर हात ठेवून घरी आले तेव्हा मला परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटत होतं. माझी मुलगी उर्वी तेव्हा दहा वर्षांची. ती पोत्यावर बसूनच राहिली.

अण्णांनी मूठभर डाळ घेतली, चोळली, दाणा चावला. बराच वेळ चावला. "डाळ झ्याक हाय," म्हणाले. मग पिशवीची घडी नीट करत म्हणाले, "पर टेकला नव्हता गं, पोरी."

पंधरा दिवसांनी ते पाच किलो डाळ घेऊन आले. घरात पंचवीस किलो असताना! "नमुन्याला आनली," म्हणाले. भाव सांगितला शहाऐंशी. हे जोरात हसले आणि म्हणाले, "तू कशाला पडतेस त्यात? अण्णांना कळतं त्यातलं." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं. त्यानंतर मी धान्याच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. काही वाटलंच, तर ते वाटणं मी गिळायची. आपल्याला यातलं कळत नाही हे एकदा ठरलं की पुन्हा पुन्हा सिद्ध करून घ्यायची हौस कोणाला असते?

वर त्याच सुमारास अण्णांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा बंद केला. पित्त होतं म्हणाले. मग दुपारी चारला चहा घरी, म्हणजे माझ्या सुटीच्या दिवशी माझ्या डोक्यावर. माझ्या हातच्या चहानं पित्त होत नव्हतं, हे नशीब. एका रविवारी घरात डाळ नव्हती, गॅस संपत आला होता आणि अण्णा दारातून ओरडले, "अजून टेकला न्हाय!" माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, "भाव टेकायच्या आधी तुम्ही टेकाल एक दिवस!"  अण्णा चप्पल काढता काढता हसले. "ते बी खरं हाय की," म्हणाले, "च्या ठेव." ते वाक्य मला अजून खातं. बोलायला नको होतं. पण तेव्हा मनापासून बोलले होते, हेही खरं.

गेल्या वर्षी जानेवारीत ते दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. बाहेर नवीन तूर यायला लागली होती. नाकात नळी घालून पडलेल्या माणसानं मला जवळ बोलावलं, मला वाटलं काही निरवानिरव करतात. म्हणाले, "तुरीचं काय म्हनत्यात?"

"उतरलीय," मी म्हटलं.

"टेकली का?"

"नाही, अण्णा. अजून नाही."

त्यांनी समाधानानं मान हलवली. चौथ्या दिवशी ते गेले.

ते वर्ष आम्ही किलो-किलोनं डाळ आणून काढलं. या वर्षी मात्र मी पिशवी काखेत घेतली आणि आठ वर्षांनी शेठच्या दुकानात गेले. पुन्हा तेच. पोती उंबऱ्यापर्यंत, शेठनी स्टूल पुढं केलं, भाव एकशे पाच. आतून वाटलं, आज घ्यावी. घरी येऊन तसं बोलले तर उर्वी म्हणाली, "तुला वाटतंय ना आई, मग घेऊन टाक की." आणि माझ्या कानात अण्णा बोलले, अजून टेकला न्हाय. मी थांबले. आठ दिवसांनी गेले तर भाव एकशे बारा. शेठ म्हणाले, आता चढणार. मी कपाळावर हात मारला आणि मनातली जळजळ बाहेर पडली, "अण्णांना कसं हो बरोबर कळायचं?"

शेठनी हातातला तराजू बाजूला ठेवला. "वैनी, आता माणूस गेला, म्हणून सांगतो. अण्णांना कधीच कळलं नाही. टेकला, हे भाव उठल्यावरच कळतं की. अण्णा थांबायचे, थांबायचे, आणि चढायला लागला की पळत यायचे. दर वर्षी. खालचा भाव होऊन गेलेला असायचा, तो घरी सांगायचे. वरचा फरक पेन्शनीतला. मला शपथ घातली होती, सुनेला सांगायचं नाही म्हणून."

मी स्टुलावर बसले. माझ्या तोंडून एकच निघालं. "आणि मी ब्याण्णवनं नेली, त्या वर्षी?"

"त्या वर्षी तर मज्जा." शेठ हसले. "त्या वर्षी सगळ्यात खालचा भाव तुमचाच. अण्णा पंधरा दिवसांनी आले, पंच्याण्णवनं पाच किलो नेली. इथंच बसले होते, तुम्ही बसलाय तिथं. म्हणाले, शेठ, पोरीला कळतंय हो, माझ्यापेक्षा बेस कळतंय. दोनदा म्हणाले. घरी किती सांगितलं मला काय ठाऊक. हॉटेलचा चहा सोडला बघा त्यांनी तेव्हा."

मला इतका राग आला की डोळ्यांपुढची पोती दिसेनात. पंच्याण्णवची डाळ शहाऐंशीची म्हणून सांगितली. माझ्या भावाखाली जमीन होती, तर यांनी खोटी जमीन खणून आणली. मल्लप्पा शेठना सांगितलं, बाजाराला सांगितलं असेल, मला एकदा सांगायला काय झालं होतं? आठ वर्षं मी स्वतःला मूर्ख समजत होते, आणि वर त्यांना चहा करून देत होते. भांडायला माणूस तरी हवा ना समोर! त्यांचा हार घातलेला फोटो आहे फक्त, आणि तो नुसता बघतो, जसे ते स्वतः बघायचे.

पंचवीस किलो घेतली, एकशे बारानं. रिक्षात पोत्यावर हात होता आणि रस्ताभर मी ह्यांना काय काय ऐकवायचं याची जुळणी करत होते. अण्णांना कळतं त्यातलं, नाही का? ऐका आता.

हे दारातच होते. पोतं उतरवून घेतलं, अण्णांसारखीच मूठभर डाळ चोळली. "कितीला?" म्हणाले. सगळं माझ्या जिभेवर होतं. ह्यांच्या हातात ती डाळ, मागं भिंतीवर फोटो.

"एकशे पाचला," मी म्हटलं. "टेकला होता."

"अण्णांच्या हाताखाली तयार झालीस," हे म्हणाले, आणि खुशीत पोतं आत ओढायला लागले.

उर्वी आत अभ्यासाला बसली होती. मी तिच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, घेऊन टाक. तुझं बरोबर होतं. तेव्हाच घ्यायला हवी होती."

तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. "मग मी काय वेगळं सांगत होते?" म्हणाली.

मी डाळीला एरंडेल लावायला घेतलं.