गडी पाहायला कल्याण-डोंबिवलीस

ताक घुसळून झालं होतं. निम्मं घरात ठेवलं, निम्मं मडक्यात काढून त्यात हळद आणि तिळाचं तेल घातलं आणि मडकं तालमीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. हे ताक हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीत जातं. माती मऊ राहते, पोरांच्या अंगाला खरूज होत नाही. लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून मी रोज सकाळी हे करत आले, पण उंबऱ्याच्या आत कधी गेले नाही. आत मारुती आहे, तिथं बाईचं पाऊल पडत नाही. त्या सकाळी सारवण झालं, भांडी झाली, पोरांच्या खुराकाचे बदाम सोलून मी हात पुसत होते, तेव्हा माझे दीर ओसरीवरून म्हणाले, "वहिनी, कल्याणला जाऊन येता का?"

तालीम आमच्या ह्यांची. ते जाऊन दोन पावसाळे झाले. आता भाऊजी वस्ताद आहेत. दिवाळी सरली की जत्रांतल्या बक्षिसाच्या कुस्त्या सुरू होतात, आणि दर वर्षी एक नवा गडी आमच्या तालमीच्या नावानं पहिल्यांदा मैदानात उतरतो. त्याचा वर्षाचा खुराक पेठेतले एक शेटजी देतात, पण एकाचाच. यंदा दोघांची नावं होती, कल्याणचा गणपत आणि डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा बारकू. भाऊजींनी दोघांना श्रावणात मातीत पाहिलं होतं. राहिलं होतं ते घर पाहणं. माती वस्ताद पाहतो, घर मी पाहते, हे ह्यांच्या वेळेपासूनचं. मुलगी पाहायला जातात तसंच असतं. घरात दारू आहे का, दुभतं आहे का, पोरगा आईशी कसा बोलतो. एरवी भाऊजी बरोबर येतात, पण त्यांच्या पायाला नारू झाला होता, चालवत नव्हतं.

"गणपतचं ठरल्यातच जमा आहे," ते म्हणाले. "दोन्ही कान मोडलेत त्याचे. बारकूला बघायचं म्हणून बघा. त्याचे कान अगदी बायकांसारखे."

"बायकांच्या कानाला भोकं असतात, भाऊजी."

"तेवढंच राहिलंय त्याचं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीत रगडून रगडून पैलवानाचे कान सुजतात आणि मग घट्ट होऊन बसतात. ज्याचे कान मोडले तो वर्षानुवर्षं मेहनत करून आलेला, असं सगळे वस्ताद धरून चालतात.

सकाळच्या गाडीनं निघाले. बायकांचा डबा वेगळा असतो, त्यामुळे एकटीदुकटीनं जायला हरकत नाही. तिसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं. पाणी मात्र घरचं घ्यावं. खाडीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला डोंगर जवळ येतो आणि वाटेत दोन बोगदे लागतात. बोगद्यात धूर आत येतो, तेव्हा पदर नाकाला लावावा. मी अक्षरं उशिरा शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद लावून लावून, म्हणून स्टेशनांच्या पाट्या वाचल्याशिवाय मला राहवत नाही. समोरच्या बाईनं माझ्याकडून सगळ्या पाट्या वाचून घेतल्या आणि मग विचारलं, "कुणीकडं?"

"पाहायला चालले आहे."

"मुलगी?"

"मुलगा."

"लेकीसाठी का?"

"कुस्तीसाठी."

तिनं जरा जागा सोडून बसायला सुरुवात केली.

कल्याण स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या असतात, पण गाव लांब नाही, मी चालत गेले. गाव मोठं आहे, तळं चांगलं आहे, रस्त्यात धूळ फार. गणपतचं घर तळ्याच्या अंगाला. आई विधवाच. दुसऱ्याच्या घरी भात कांडते. तिनं वालाचं बिरडं आणि भात केला होता. एका विधवेनं दुसरीला जसं वाढावं तसं तिनं मला वाढलं, आग्रह नाही आणि कमीही नाही. घर स्वच्छ होतं. दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. म्हैस शेजाऱ्याची, पण दूध मिळतं. गणपत उंच, देखणा, कमी बोलणारा. आईचा शब्द खाली पडू देत नव्हता. मी मनात त्याच्या नावाला होकार देऊन टाकला होता.

जेवणानंतर मी त्याच्या कानांचं कौतुक केलं, तर आई हसायला लागली.

"अहो, ते मातीत नाही मोडलेले. वरवंट्यानं मोडलेत."

"म्हणजे?"

"कुणी तरी सांगितलं ह्याला, ठाण्याचे वस्ताद आधी कान बघतात. पाट्यावर डोकं ठेवून बसला, स्वतःच्या हातानं ठोकले. मी म्हटलं, मेल्या, माझ्या पाट्यावर चटणी वाटायची आहे मला."

मीही हसले. कान ठोकून घेणारा मुलगा लबाड म्हणायचा की हौशी, हे मला ठरवता आलं नाही, आणि खरं तर ते महत्त्वाचंही वाटलं नाही. श्रावणात भाऊजींनी त्याला मातीत पाहिलं होतं, तिथं तो चांगला लढला होता.

संध्याकाळी तो हंडा घेऊन तळ्यावर निघाला. आईनं मागून हाक मारली, "गणपत, कळशीही ने रे." तो वळला. पण मान नाही वळवली. थांबला, पाय फिरवले, खांदे फिरवले, सगळा माणूस आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

आमचे हे असेच वळत. पहिल्याच वर्षी, दुखऱ्या मानेनं, त्यांना एका जत्रेत उतरवलं होतं. मान आखडली ती त्यानंतर सुटली नाही. पुढं ते वस्ताद झाले, कुस्ती मात्र कधी केली नाही. इतकी वर्षं मी त्यांना मागून हाक मारायचं टाळत असे. समोर जाऊन बोलायची.

तो गेल्यावर मी आईला विचारलं. तिनं आधी नाही म्हटलं. मग चुलीकडे बघत बोलली. श्रावणात ठाण्याहून आल्यावर इथल्या तालमीत सराव करताना तो डोक्यावर पडला. रोज रात्री ती मिठाची पुरचुंडी तापवून मान शेकते.

"वस्तादांना सांगू नका, बाई. यंदा नारळ आला नाही तर तो मुंबईला गिरणीत जाणार आहे. परत कुठला येतोय."

निवडलेल्या गड्याच्या घरी आमच्या तालमीतून नारळ जातो. ज्याला घेतलं नाही त्याच्याकडे काहीच जात नाही. निरोपसुद्धा नाही. तो आपला वाट पाहतो आणि एखाद्या जत्रेत दुसराच उतरलेला पाहून समजतो. ही पद्धत कुणी घातली ठाऊक नाही. गणपतच्या आईला मी काहीच कबूल केलं नाही. रात्री तिथंच झोपले.

दुसऱ्या दिवशी डोंबिवली. आता तिथं स्टेशन झालं आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आधी चौकशी करून बसावं. स्टेशनाबाहेर गाव असं फारसं नाही. झाडं, विहीर, आणि मग शेतंच शेतं. कोपरला बांधावरून चालत जावं लागतं. भात पिकलं होतं, कापणी चालू होती. वहाणा हातात घेतलेल्या बऱ्या.

बारकूची आजी खळ्यावर बसली होती. आगरी बाई, कासोटा घट्ट, आवाज खणखणीत.

"ठान्याची का गो तू? बस. पोर भारा आनायला गेलंय."

"कान बघायला आले आहे त्याचे," मी म्हटलं.

"कान शाबूत हायेत त्याचे. पन ऐकत नाय."

थोड्या वेळानं बारकू बांधावरून आला. डोक्यावर भाताचा भला मोठा भारा, दोन्ही हात मोकळे, आणि चालता चालता शेजारच्या शेतातल्या कुणाशी तरी भांडत होता. तो खळ्यावरून पुढं गेला तशी आजीनं मागून शिवी दिली, तर भारा डोक्यावर असतानाच त्यानं मान वळवून तिला उत्तर दिलं. भारा हलला नाही. मला आणखी काही पाहायचं नव्हतं. तरी निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली, कारण आजी सोडीना. कालवण तिखट होतं. बारकू माझ्यासमोर सहा जणांचं जेवला आणि आजीला म्हणाला की आज मीठ कमी आहे.

परतीच्या गाडीची बरीच वाट पाहावी लागली. ठाण्यात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊजी पाय उशीवर ठेवून बसले होते. मी घरं सांगितली, जेवण सांगितलं, वरवंट्याचं सांगितलं. ते खूप हसले. मग मी मानेचं सांगितलं, गिरणीचंही.

"वहिनी, मान काय, महिन्याभरात सुटते. तेल लावू."

"ह्यांची सुटली का?"

भाऊजींनी पायाची पट्टी सारखी केली आणि म्हणाले, "नारळ डोंबिवलीला पाठवतो."

"आणि कल्याणला?"

"कल्याणला काय? नाही गेला की समजतं आपोआप. गिरणीत जाईल म्हणते ना ती? जाऊ दे. धड राहील."

ते बरोबरच बोलत होते. प्रवासाचं म्हणाल तर, जावं असा आहे. खाडीचा पूल पाहण्यासारखा आहे, आणि कापणीच्या दिवसांत कोपरचे बांध फार सुंदर दिसतात. पण घरी आल्यावर माझ्याबरोबर राहिलं ते एवढंच, की कल्याणच्या त्या घरात आजही मिठाची पुरचुंडी तापत असेल आणि ती दोघं दाराकडे कान देऊन बसली असतील.

दुसऱ्या दिवशी ताकाचं मडकं उंबऱ्यावर ठेवून मी कल्याणची गाडी धरली, आणि गणपतला आणि त्याच्या आईला समोर बसवून, नाही म्हणून सांगितलं, आणि का ते सांगितलं.