बिबड्यांचं गाणं

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. बायको गेली आणि मला खोलीत बसवेना. चहा ठेवायचा, उकळायच्या आत गॅस बंद करून बाहेर पडायचं. कापडाच्या लूमवरचं काम सुटलं होतं, पण पाय पाळीवर निघाल्यासारखे निघायचे. सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, घामाघूम होऊन परत यायचं, खोलीकडे बघून पुन्हा निघायचं.

असाच एकदा मराठी शाळेवरून जात होतो. खिडकीतून पोरांचा आवाज आला, ‘कावया रे कावया, मना बिबडा नको ली जाऊ.’

मी जागीच थांबलो. बिबडा नेऊ नको म्हणून कावळ्याला विनवणारं हे माझ्या बायकोचं गाणं. आमच्या बिल्डिंगमधल्या खानदेशी बाया उन्हाळ्यात गच्चीवर जमून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापतात, तेव्हा ती हे म्हणायची.

सरळ वर्गात घुसलो. प्रत्येक पोराच्या हातात झेरॉक्सचा कागद. वर गाण्याचं नाव, खाली गाणं. गाणं वाचत बसलो नाही, तिचं नाव शोधलं. ते कुठंच नाही.

“बाई, चोरी करता का?” मी म्हणालो. “आमच्या मार्केटात सकाळी टांगलेल्या साडीचं डिझाइन संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात असतं. शाळेतही तेच?”

पोरं हसली. बाईंनी मला व्हरांड्यात आणलं. त्या शेजारच्याच सोसायटीत राहायच्या. आमच्या गच्चीवर बिबडे थापायला यायच्या, तिथंच त्यांनी गाणं उतरवून घेतलं होतं.

“बाबा, पुस्तकं वेळेवर येत नाहीत, मग मी काय शिकवू? वर्गात शिकवण्यापुरतं उतरवून द्यायला कायद्यात सूट आहे. नाव राहिलं, ती माझी चूक. पण तुमच्याकडे मी येणारच होते. शाळा गाण्यांचं पुस्तक छापून विकणार आहे. त्याला ही सूट नाही. रचणाऱ्याला विचारावं लागतं, तो नसेल तर वारसाला. माणूस गेल्यावर साठ वर्षं.”

“मला? मी एक ओळ रचली नाही. आणि देणारही नाही. तिचं एवढंच राहिलंय, तेही विकायचं?”

“नका देऊ. पण एक सांगा, हे त्यांनीच रचलं ना? का माहेरून आणलेलं? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असेल तर ते सगळ्यांचंच. मग मी कुणाचं नाव घालू?”

अख्खा संसार झाला, आणि एवढं मला माहीत नाही! तडक आमच्या बिल्डिंगची गच्ची गाठली. तिथं तिच्या जोडीनं बिबडे थापणारी म्हातारी मिरच्या वाळवत होती.

“वहिनी, ते कावळ्याचं गाणं तिचं का तिच्या आईचं?”

“पहिली ओळ सगळ्या खानदेशाची,” म्हातारी म्हणाली. “पुढचं तिचं. तुम्ही पुढचं कधी ऐकलंच नाही का, भाऊ?”

“नाही.”

“कसं ऐकाल! खाली घोरत पडलेले असायचे.” आणि तिनं म्हणून दाखवलं, ‘कावया रे, वरडू नको, रातपाळीना जीव झोपेल से.’

तिच्या माहेरी कुठली आली रातपाळी? तिथं लूमच नव्हते. ही ओळ सुरतेतली, माझ्या रातपाळ्यांच्या दिवसांतली. बिबडे वाळत घालता घालता ती कावळ्याला गप्प करत होती, माझ्या झोपेसाठी. मी मिरच्यांशेजारी उकिडवा बसलो. ठसका लागला. म्हातारीनं तोंड फिरवलं.

खाली उतरलो तो थेट शाळेत. सुट्टीची घंटा होत होती.

“वर्गात खुशाल म्हणा,” मी बाईंना म्हणालो. “पुस्तकात पण घाला. पण पहिली ओळ जुनी, असं खरं ते लिहा. पुढच्या ओळींवर तिचं नाव.”

बाईंनी पेन काढलं. “पूर्ण नाव सांगा. त्यांचं, मग तुमचं, मग आडनाव.”

“मधे माझं नाव नको.”

“अहो बाबा, तशीच पद्धत आहे.”

“असू द्या. ती रचत होती तेव्हा मी झोपलो होतो.”